जमिनीत मुरलेलं पेट्रोल जागेवरच कसं ओळखतात?

इंधनाची जुनी भूमिगत टाकी उपसून काढली की खड्ड्याच्या काठावर उभ्या असलेल्या सगळ्यांना एकच प्रश्न पडतो: आता आणखी किती खणायचं? तळाची माती काळपट दिसते, वास येतो. वरची दोन फूट माती उचलली तरी वास हटत नाही. नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर अहवाल यायला काही दिवस लागतात, कधी दोन आठवडेही. तोवर पोकलेन उभा, खड्डा उघडा, आणि पाऊस आलाच तर दूषित पाणी आणखी खोल मुरणार. नुसत्या नाकाच्या भरवशावर निर्णय घेतला तर चांगली माती विनाकारण उचलली जाते, नाहीतर खराब माती तशीच राहून जाते.

जागेवर वापरायची चाचणी किट्स या अडचणीतून आली. एका पेटीत मावणारं सामान, थोडं द्रावक, काही कुप्या, एखादं हातात धरायचं यंत्र. पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळतं आणि काम पुढे सरकतं. सोय मोठी आहे. मात्र एक गोष्ट आधीच समजून घेतली नाही तर हीच सोय गोत्यात आणते. कुठलंही किट ‘पेट्रोलियम’ मोजत नाही. प्रत्येक किट पेट्रोलियमचा एखादा गुण पकडतं आणि त्यावरून बाकीच्याचा अंदाज बांधतं. तो गुण कोणता, हे ठाऊक असेल तर किट फार उपयोगाचं. ठाऊक नसेल तर पडद्यावर दिसणारा आकडा सरळ दिशाभूल करतो. किट कोणतं घ्यावं, हा प्रश्न म्हणूनच दुसरा. पहिला प्रश्न: सांडलंय काय?

सांडलेलं नेमकं काय असतं

पेट्रोल, डिझेल, रॉकेल, वंगण तेल ही सगळी शेकडो हायड्रोकार्बन रसायनांची मिश्रणं. रेणूत कार्बनचे अणू किती, यावर त्यांचा स्वभाव ठरतो. पेट्रोलमध्ये साधारण ४ ते १२ कार्बनचे रेणू असतात. ते हलके, झटकन उडून जाणारे. डिझेलमध्ये ढोबळमानाने १० ते २५ कार्बनचे, आणि वंगण तेलात २० पासून पार ४० पर्यंतचे. हे जड रेणू हवेत फारसे उडत नाहीत, पाण्यातही फारसे उतरत नाहीत. मातीच्या कणांना धरून बसतात.

दुसरा भेद आकाराचा. काही रेणू साखळीसारखे सरळ, काही कड्यासारखे. कडीवाल्यांतल्या एका महत्त्वाच्या गटाला ॲरोमॅटिक म्हणतात; पुढे ‘कडीवाले’ म्हटलंय ते यांनाच. बेन्झीन, टोल्युइन, इथाइलबेन्झीन आणि झायलीन हे त्यांच्यातले चार जण. अहवालात त्यांचा उल्लेख एकत्रच, ‘बीटेक्स’ या नावाने होतो. मिश्रणातला त्यांचा वाटा लहान असला तरी काळजी सगळ्यात जास्त त्यांचीच करावी लागते, कारण ते पाण्यात बऱ्यापैकी विरघळतात आणि बेन्झीनमुळे कर्करोग होतो. शुद्ध बेन्झीन एका लिटर पाण्यात सुमारे १.८ ग्रॅम विरघळतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा आहे एका लिटरला ५ मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १० मायक्रोग्रॅम. पेट्रोलमध्ये बेन्झीन थोडंच असतं, त्यामुळे प्रत्यक्षात पाण्यात उतरणारं प्रमाण त्या १.८ ग्रॅमच्या खूप खाली राहतं. तरीही मर्यादा कैक पटींनी ओलांडायला तेवढं पुरतं.

गळती झाली की हे मिश्रण जमिनीत चार रूपांत विखुरतं. काही भाग मातीच्या कणांमध्ये अडकून राहतो. काही वाफ होऊन मातीतल्या मोकळ्या जागांमध्ये पसरतो. गळती मोठी असेल तर काही भाग भूजलाच्या पातळीपर्यंत पोचतो आणि पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे तिथे थर धरून तरंगतो. आणि काही भाग पाण्यात विरघळून त्याच्याबरोबर वाहत जातो. भूजलाची पातळी ऋतूंप्रमाणे वरखाली होते, तसा तरंगणारा थरही वरखाली होतो आणि वाटेतली सगळी माती माखून ठेवतो. वरची माती चांगली दिसली म्हणून खणणं थांबवणारे बरेचदा इथेच फसतात. सगळ्यात वाईट माती तीन-चार मीटर खाली, पाण्याच्या पातळीच्या आसपास असू शकते.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या बेमिजी गावाजवळ ऑगस्ट १९७९ मध्ये कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर तेल सांडलं. बरंचसं तेल उपसलं, काही जाळलं, तरीही अंदाजे ४ लाख लिटर जमिनीतच राहिलं. १९८३ पासून तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने ती जागा अभ्यासासाठी राखली. जमिनीखाली तेलाचं कालांतराने काय होतं, याबद्दल आज जे ठाऊक आहे त्यातला मोठा हिस्सा या एका जागेने शिकवला.

बरणीतली हवा

सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त वापरली जाणारी तपासणी वाफेची. ती कशी करतात ते नीट पाहू, कारण तिच्यात किटचं बळ आणि मर्यादा दोन्ही उघड दिसतात.

काचेची बरणी अर्धी भरेल इतकी ताजी माती घ्यायची. तोंडावर ॲल्युमिनियमचं फॉइल ताणून बसवायचं, वर झाकण घट्ट लावायचं. बरणी पंधरा-वीस सेकंद जोरात हलवून ढेकळं फोडायची आणि दहा मिनिटं ठेवून द्यायची. इंधनातले उडणारे रेणू मातीतून सुटून वरच्या मोकळ्या जागेत जमतात. मग पुन्हा एकदा हलवायची, झाकण काढायचं, फॉइलमध्ये यंत्राची नळी खुपसायची आणि पडद्यावर चढणारा सर्वांत मोठा आकडा टिपायचा. तो काही सेकंदांतच येतो. नंतर आकडा घसरत जातो, कारण नळी बरणीतली हवा ओढून घेत असते आणि तिच्या जागी बाहेरची हवा शिरते. टिपताना चालढकल केली की नोंद चुकलीच.

हे यंत्र म्हणजे फोटोआयनायझेशन डिटेक्टर, जागेवर सगळे ज्याला पीआयडी म्हणतात. आत अतिनील किरणांचा छोटा दिवा असतो, बहुधा १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा. बेन्झीनच्या रेणूतला इलेक्ट्रॉन उडवायला ९.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात, टोल्युइनला ८.८. त्यामुळे हे रेणू दिव्यासमोर आले की विद्युतभारित होतात आणि त्यांचा सूक्ष्म प्रवाह मोजता येतो. हवेतल्या ऑक्सिजनला १२ आणि नायट्रोजनला १५ इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा जास्त लागतात, म्हणून ते मध्ये येत नाहीत. कल्पना सुरेखच आहे.

आता मर्यादा. मिथेनलाही १२.६ लागतात, म्हणजे मिथेन या यंत्राला दिसतच नाही. शिवाय तो जास्त असेल तर दिव्याचा प्रकाश शोषून बाकीच्यांचा आकडाही खाली ओढतो. हवेतला दमटपणा हेच करतो. थंडीत माती गार असेल तर रेणू सुटतच नाहीत. अशा वेळी बरणी गाडीत किंवा उबदार खोलीत ठेवून मग मोजावी लागते. आणि डिझेल किंवा वंगण तेल सांडलं असेल तर उडणारं फारसं काही नसतंच. माती तेलाने निथळत असली तरी पीआयडी लहानसा आकडा दाखवून मोकळा होतो.

एक मुद्दा मला तळमळीने सांगायचा आहे, कारण तो अहवालांत पुन्हा पुन्हा चुकलेला दिसतो. पीआयडीवरचे ३०० पीपीएम (दहा लाख भागांत ३०० भाग) म्हणजे बरणीतल्या हवेतलं प्रमाण. मातीत एका किलोला ३०० मिलिग्रॅम पेट्रोल आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. दोन्ही ठिकाणी ‘पीपीएम’ हीच अक्षरं छापली जातात आणि वाचणारा हमखास घोटाळ्यात पडतो. त्यातही यंत्र साधारणपणे आयसोब्युटिलीन या वायूवर जुळवलेलं असतं, तेव्हा ३०० चा खरा अर्थ ‘३०० आयसोब्युटिलीनने जितका प्रतिसाद दिला असता तितका’ असा होतो. या आकड्यांनी नमुन्यांची उतरंड लावावी, सर्वांत वाईट जागा शोधावी, प्रयोगशाळेत काय पाठवायचं ते ठरवावं. माती स्वच्छ असल्याचा दाखला त्यावरून देऊ नये.

द्रावकात उतरवून मोजणारी किट्स

जड तेलांसाठी वेगळी वाट धरावी लागते: तेल मातीतून द्रावकात उतरवायचं आणि मग ते द्रावक तपासायचं. यात चार-पाच घराणी आहेत.

पहिलं घराणं गढूळपणावर चालतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या पद्धतींत ते ९०७४ क्रमांकाने नोंदलेलं आहे. दहा ग्रॅम माती छोट्या तराजूवर तोलून नळीत घ्यायची, त्यात मुख्यतः मिथेनॉल असलेलं द्रावक घालायचं आणि सुमारे पाच मिनिटं अधूनमधून हलवत राहायचं. माती खाली बसली की वरचा द्रव सिरिंजमध्ये घेऊन गाळणीतून दुसऱ्या कुपीत सोडायचा. त्या कुपीत पाण्याचं द्रावण असतं. तेल मिथेनॉलमध्ये विरघळतं, पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे कुपीतलं स्वच्छ द्रावण पाहता पाहता दुधाळ होतं. दहा मिनिटांनी कुपी छोट्या यंत्रात ठेवली की गढूळपणावरून आकडा मिळतो. मिथेनॉल पाण्यात सहज मिसळत असल्यामुळे ओली माती चालते, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू.

पण हाच गढूळपणा सगळ्या तेलांचा सारखा नसतो. जड तेलं भरपूर दुधाळपणा देतात, पेट्रोल अगदी कमी. म्हणून यंत्रात आधी तेलाचा प्रकार निवडावा लागतो आणि त्यानुसार यंत्र आकड्याला गुणतं. डिझेलच्या जागी वंगण तेल निवडलं की उत्तर चुकलं, यंत्राचा काहीही दोष नसताना. शेणखत, पालापाचोळा, पीटसारखी सेंद्रिय माती, वनस्पतिज तेलं यांच्यामुळेही थोडा गढूळपणा येतो. त्यासाठी त्याच परिसरातली, गळती पोचलेली नाही अशी माती आधी तपासून पाया ठरवावा. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून टाळलं जातं, आणि मग स्वच्छ काळी माती दूषित ठरते.

दुसरं घराणं रंगाचं. चार्ल्स फ्रीडेल आणि जेम्स क्राफ्ट्स या दोघांनी १८७७ मध्ये शोधलेली रासायनिक अभिक्रिया इथे कामी येते. क्लोरीनयुक्त द्रावकात उतरवलेल्या नमुन्यात निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइडची पूड टाकली की कडीवाले रेणू त्या द्रावकाशी जोडले जातात आणि गडद रंग तयार होतो. बीटेक्समुळे पिवळा-नारिंगी, अनेक कड्यांच्या रेणूंमुळे जांभळट-तपकिरी. रंग तक्त्याशी ताडून पाहायचा किंवा छोट्या प्रकाशमापकाने मोजायचा. रंगाची छटा तेलाचा प्रकारही सुचवते, ही या पद्धतीची खुबी. पाण्याच्या नमुन्यालाही ती लागू पडते. मात्र ॲल्युमिनियम क्लोराइडचं पाण्याशी अजिबात पटत नाही. ओलसर नमुना आधी निर्जल सोडियम सल्फेटने सुकवावा लागतो, नाहीतर रंग फिका पडतो आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा निघतात त्या वेगळ्याच. डोळ्यांनी ताडताना उजेडही महत्त्वाचा. संध्याकाळी पिवळसर दिव्याखाली वाचलेला पिवळा रंग विश्वासाचा नव्हे.

तिसरं घराणं प्रतिपिंडांचं. नळीच्या आतल्या भिंतीवर ठरावीक रेणूंना पकडणारे प्रतिपिंड चिकटवलेले असतात. नमुन्यातले रेणू आणि किटमधले, रंग आणणारं विकर (एन्झाइम) जोडलेले रेणू यांच्यात तिथे संगीतखुर्ची रंगते. खुर्च्या मोजक्या, दावेदार दोन. नमुन्यात प्रदूषण जास्त असेल तर किटच्या रेणूंना जागा मिळत नाही, नळी धुतल्यावर ते वाहून जातात आणि शेवटी रंग कमी येतो. म्हणजे इथे सगळं उलटं वाचायचं: रंग गडद तर नमुना स्वच्छ, रंग फिका तर नमुना दूषित. नवखा माणूस घाईत असला की इथे हमखास चुकतो. या किट्सचं उत्तर बहुधा ‘अमुक मर्यादेच्या वर’ किंवा ‘खाली’ असं येतं, नेमका आकडा मिळत नाही. बऱ्याच वेळा तेवढंच हवं असतं. प्रतिपिंड प्रथिनं असल्यामुळे किट थंड ठेवावं लागतं, त्याची मुदत पाहावी लागते आणि कडक उन्हात उघड्यावर चाचणी करता येत नाही.

अतिनील प्रकाशाखाली चमकणारे रेणू मोजणारी यंत्रंही आहेत. ती अतिशय संवेदनशील, पण चमकतात ते प्रामुख्याने कडीवालेच. अवरक्त किरणांवर चालणारी यंत्रं मात्र कार्बन आणि हायड्रोजनमधला बंध पाहतात, त्यामुळे साखळी आणि कडी दोन्ही त्यांच्या नजरेत येतात. यांची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या पद्धतीत तेल ज्या द्रावकात उतरवायचं त्यात स्वतःचा असा बंध असून चालत नाही, म्हणून पूर्वी फ्रिऑन-११३ वापरत. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने ओझोनला घातक रसायनांवर निर्बंध आणले आणि ते द्रावक हळूहळू मागे पडलं. त्याबरोबर ४१८.१ क्रमांकाची, वर्षानुवर्षं सर्रास वापरलेली प्रयोगशाळेची पद्धतही गेली. आता हेक्झेनमध्ये तेल उतरवून, हेक्झेन उडवून लावून, मागे उरलेल्या थरावर अवरक्त किरण टाकायची युक्ती वापरतात. त्यात हेक्झेनबरोबर पेट्रोलही उडून जातं. म्हणजे ही युक्ती जड तेलांपुरतीच.

जून २००० मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कॅलिफोर्नियातल्या पोर्ट ह्युनीमी इथे अशी सात किट्स आणि यंत्रं एकत्र तपासली. त्यांत गढूळपणा, रंग, प्रतिपिंड, चमक आणि अवरक्त किरण या सगळ्यांचे प्रतिनिधी होते, आणि ताडून पाहायला प्रयोगशाळा होती. किट निवडणाऱ्याने अशा तुलनेचे अहवाल जरूर वाचावेत. विक्रेत्याच्या पत्रकात किट काय करतं ते असतं. काय करत नाही, ते या अहवालांत सापडतं.

पाण्याचं गणित वेगळं

मातीत आपण किलोला शेकडो, हजारो मिलिग्रॅमच्या भाषेत बोलतो. पिण्याच्या पाण्यात बेन्झीनची मर्यादा मायक्रोग्रॅममध्ये आहे. मातीसाठी उत्तम असलेलं किट पाण्यावर वापरलं आणि ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर आलं, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘या किटला दिसेल इतकं सापडलं नाही’ एवढाच.

पाण्यात आधी पाहायचं ते तरंगणारं तेल. निरीक्षण विहिरीत पारदर्शक बेलर, म्हणजे तळाला झडप असलेली लांब नळी, अलगद सोडून वर काढली की पाण्यावरचा थर डोळ्यांनी दिसतो. त्यापेक्षा चांगली इंटरफेस प्रोब नावाची फीत. तिच्या टोकाचा संवेदक तेलात एक आवाज करतो आणि पाण्यात दुसरा, त्यावरून थराची जाडी मिळते. पण विहिरीत मोजलेली जाडी म्हणजे बाहेरच्या मातीतली जाडी नव्हे. विहिरीच्या मोकळ्या नळीत तेल साचत जातं, बारीक मातीत तर फारच, आणि पाण्याची पातळी उतरली की आत आणखी तेल झिरपतं. या जाडीवरून ‘जमिनीत इतके लिटर तेल आहे’ असं गणित मांडलेलं दिसलं, तर ते मांडणाऱ्याला थांबवून विचारावं.

तेल आहे की नाही अशी शंका असेल तर रंगद्रव्याची चाचणी फार उपयोगी पडते. सुदान-४ किंवा ऑइल रेड ओ हे रंग तेलात विरघळतात, पाण्यात विरघळत नाहीत. कुपीत माती-पाणी घेऊन चिमूटभर पूड टाकून हलवलं की तेलाचे बारीक थेंबसुद्धा लालभडक उठून दिसतात. हे आकडा देत नाही, पण मोकळं तेल आहे का, याचं उत्तर जागच्या जागी मिळतं. हातमोजे घालूनच करायची चाचणी, कारण ही पूड अंगावर घ्यायच्या लायकीची नाही.

विरघळलेल्या भागासाठी शेवटचा शब्द प्रयोगशाळेचा. नमुना ४० मिलिलिटरच्या कुपीत काठोकाठ भरावा, झाकण लावून कुपी उलटी केली तर आत एकही बुडबुडा दिसता कामा नये. थोडं आम्ल घालून, बर्फात ठेवून ती पाठवावी. बुडबुडा राहिला तर बेन्झीन पाण्यातून त्यात पळतं आणि अहवालात पाणी खऱ्यापेक्षा स्वच्छ दिसतं. जागेवरची किट्स इथे वेगळं काम करतात: दूषित पाण्याचा पट्टा कुठून कुठवर गेलाय ते शोधणं, म्हणजे पुढची विहीर योग्य जागी घेता येते.

या कामात सरळ तेल न शोधणारी साधी पाणीतपासणी किट्सही मोलाची साथ देतात. जमिनीतले जिवाणू हायड्रोकार्बन खातात आणि त्यासाठी आधी पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, मग लोहाची संयुगं, मग सल्फेट, आणि सर्वांत शेवटी मिथेन तयार होतो. म्हणून दूषित पट्ट्याच्या मध्यभागी ऑक्सिजन जवळजवळ शून्य, नायट्रेट आणि सल्फेट कमी, विरघळलेलं लोह जास्त, असं चित्र दिसतं. कडेला जाताना ते पूर्ववत होतं. बेमिजीला हे पट्टे फार स्पष्टपणे नोंदले गेले आहेत. एखाद्या विहिरीत किटला पेट्रोल दिसलं नाही, पण ऑक्सिजन गायब आणि लोह भरपूर असेल, तर ती विहीर ‘स्वच्छ’ म्हणून यादीतून काढण्याआधी दोनदा विचार करावा.

किटला न दिसणाऱ्या गोष्टीचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे एमटीबीई. पेट्रोल नीट जळावं म्हणून हे रसायन त्यात मिसळत. ते बेन्झीनपेक्षा कितीतरी जास्त विरघळतं, लिटरमागे जवळपास ५० ग्रॅम, मातीला चिकटत नाही आणि सहजासहजी कुजतही नाही. त्यामुळे ते भूजलाबरोबर सगळ्यांच्या पुढे धावतं. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला पिण्याच्या पाण्याच्या विहिरी त्यामुळे बंद कराव्या लागल्या. एमटीबीईच्या रेणूत कडी नाही. रंगाचं किट किंवा चमक मोजणारं यंत्र त्याच्यासमोर ठेवलं तर ते काही सांगणार नाही, आणि तो दोष किटचा म्हणता येणार नाही. तो प्रश्न त्याला विचारायचाच नव्हता.

नमुना चुकला की सगळं चुकलं

किटच्या अचूकतेवर खूप चर्चा होते. खरी मोठी चूक बहुतेक वेळा त्याआधीच झालेली असते, नमुना घेताना. तेल जमिनीत सारखं पसरत नाही. वाळूच्या पट्ट्यातून ते पळतं, चिकणमातीच्या थरावर अडतं, मुळांच्या पोकळीतून खाली उतरतं. दोन हातांच्या अंतरावर घेतलेल्या दोन नमुन्यांत दहा पटींचा फरक पडू शकतो. म्हणूनच एका उत्तम प्रयोगशाळेत तपासलेल्या तीन नमुन्यांपेक्षा साध्या किटवर तपासलेले तीस नमुने जागेचं खरं चित्र अधिक चांगलं दाखवू शकतात. किट विकत घेण्याचं सगळ्यात भक्कम कारण माझ्या मते हेच आहे.

डिझेलच्या मातीत नमुना नीट कालवून एकजीव करणं चांगलं. पेट्रोलच्या मातीत तेच केलं तर निम्मं पेट्रोल हवेत जातं. तिथे माती उघडी पडल्याबरोबर, न कालवता, झटपट बरणीत किंवा द्रावकात टाकावी लागते. चिकणमातीचा गोळा तसाच द्रावकात टाकला तर आतलं तेल पाच मिनिटांत बाहेर येत नाही, तो आधी फोडायला हवा. जुनी गळती हा आणखी एक पेच. हलके रेणू उडून गेलेले, जिवाणूंनी बरेच खाल्लेले, मिश्रणाचा चेहराच बदललेला. ताज्या डिझेलवर जुळवलेलं किट वीस वर्षं मुरलेल्या डिझेलला वेगळा प्रतिसाद देतं. शक्य असेल तिथे त्या जागेवरच्याच तेलाने किट जुळवावं.

दिवसाच्या सुरुवातीला कोरा, म्हणजे तेल अजिबात नसलेला नमुना, माहीत असलेल्या प्रमाणाचा नमुना, आणि मधूनमधून एकाच मातीची दोनदा तपासणी, एवढं केलं तर आकड्यांवर भरवसा ठेवता येतो. शिवाय काही नमुन्यांचे दोन भाग करून एक भाग प्रयोगशाळेत पाठवावा. इथे एक मोह टाळायला हवा: सगळ्यात दुर्गंधीचे नमुनेच पाठवण्याचा. ते दूषित आहेत हे ठाऊकच असतं. जे नमुने मर्यादेच्या आसपास आहेत आणि जे किटने स्वच्छ ठरवलेत, त्यांतले काही पाठवले तर किट कुठे चुकतंय ते कळतं.

आणि वापरून झालेलं द्रावक त्याच खड्ड्यात ओतू नये. हे लिहावं लागतं, कारण तसं होतं. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही, क्लोरीनयुक्त द्रावकं भूजलासाठी पेट्रोलइतकीच किंवा त्याहून वाईट. ती झाकणबंद डब्यात गोळा करून घातक कचरा म्हणूनच द्यायची.

अहवाल हातात आला तर

जागा विकत घेणारे, शेजारी विहीर असलेले, टाकी काढून घेणारे अशा अनेकांच्या हातात कधीतरी असा अहवाल येतो. त्यात ‘टीपीएच’ म्हणजे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन असा एक आकडा असतो. तो कोणत्या पद्धतीने काढला ते आधी पाहा, कारण पद्धत बदलली की त्याच मातीचा आकडा बदलतो. मग तेलाचा प्रकार कोणता धरला होता ते पाहा. वंगण तेलाचे हजार पीपीएम आणि ताज्या पेट्रोलचे हजार पीपीएम यांचा धोका सारखा नसतो. पेट्रोलची जागा असेल तर बेन्झीनचा वेगळा, प्रयोगशाळेचा आकडा असायलाच हवा. नमुने कोणत्या खोलीवरून घेतले आणि भूजल किती खोलीवर होतं, हे एकत्र वाचा. सगळे नमुने पाण्याच्या पातळीपेक्षा बरेच वरचे असतील तर माखलेली माती कुणी पाहिलेलीच नाही.

जिथे ‘आढळलं नाही’ असं लिहिलंय, तिथे त्या किटला कमीत कमी किती दिसतं तो आकडा शेजारी छापलेला असला पाहिजे. नसेल तर अहवाल देणाऱ्याकडून तो लेखी मागून घ्या, आणि तुमच्या जागेला लागू असलेल्या मर्यादेशेजारी ठेवून पाहा. किटची नजर त्या मर्यादेपर्यंत पोचतच नसेल, तर त्या नमुन्याची तपासणी अजून व्हायची आहे.